आधी खड्डा, मग तंबू

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या रविवारच्या पुरवणीत घाटमाथ्यावरच्या तंबूतल्या मुक्कामांवर लेख आला होता. बेळगाव जिल्ह्यातल्या जांबोटीच्या पुढं कणकुंबी, पारवाड, चोर्ला या पट्ट्यात आता दर शनिवारी तंबू लागतात, आणि गोवा, कोल्हापूर, हुबळी, अगदी बेंगळूरहूनही पोरं येतात, असं त्यात कौतुकानं लिहिलं होतं. लेखात धुकं होतं, चांदणं होतं, शेकोटी आणि गिटारही होती. एवढी माणसं सकाळी उठून जातात कुठं, हे मात्र कुठंच नव्हतं.

विषय नाक मुरडण्यासारखा आहे खरा. पण जन्म खानापूर तालुक्यात गेला, नोकरी शाळेत झाली, आणि निवृत्तीनंतर मैत्रिणींबरोबर डोंगर चढायचा नाद लागला. त्यामुळं या विषयाची लाज वाटणं केव्हाच सुटलंय. बाईमाणसाला मुक्कामाची जागा ठरवताना देखावा नंतर दिसतो, आडोसा आधी बघावा लागतो.

उत्तराखंडात केदारकंठाच्या वाटेवर जुडा का तालाब म्हणून मुक्कामाची जागा आहे. उंची नऊ हजार फुटांच्या थोडी वर, भोवती दाट झाडी, आणि हिवाळ्यात तळं गोठलेलं. तिथं पोचल्यावर आमच्या वाटाड्यानं पहिली कुदळ मारली ती तंबूसाठी नव्हे. तळ्यापासून बरंच लांब, उताराच्या दुसऱ्या अंगाला त्यानं बर्फ बाजूला सारून हातभर लांब, वीतभर रुंद आणि मांडीइतका खोल चर खणला. निघालेली माती एका कडेला रचली, तिच्यात खुरपं खोचलं, वर उभट तंबू चढवला आणि चेन ओढून बघितली. मग आम्हा सगळ्यांना गोळा करून ताकीद दिली: झाल्यावर दोन खुरपी माती टाकायची, कागद टाकायचा नाही, पॅड तर नाहीच नाही, ते पिशवीत भरून खाली न्यायचं. पोरगा पंचविशीचा असेल, पण बोलताना अडखळला नाही की हसला नाही. निघायच्या दिवशी त्यानं चर बुजवून वर दगड मांडला.

एवढी काटेकोरी कशासाठी, हेही त्यानंच सांगितलं. त्या थंडीत मातीतले जिवाणू सुस्तावतात. आपल्याकडं जे काही महिन्यांत मातीत मिसळून जातं, ते तिथं वर्षानुवर्षं तसंच पडून राहतं आणि बर्फ वितळला की झऱ्याला मिळतं. उघड्यावर बसायची वेळ आलीच, तर पाण्यापासून निदान दोनशे फूट लांब जाऊन सहा ते आठ इंच खड्डा करायचा, ही डोंगरातली जगभरची रीत.

आता आपल्या घाटमाथ्यावर या. इथं थंडीची अडचण नाही, अडचण जमिनीची आहे. चोर्ल्याच्या बाजूचे ज्यांना आपण सडे म्हणतो, ती सपाट मोकळी पठारं, म्हणजे जांभा दगड. वर माती कुठं दोन इंच, कुठं तेवढीही नाही. आणि तंबूवाल्यांना नेमकी हीच जागा आवडते, कारण दरी दिसते आणि झाड आड येत नाही. या कातळात तंबूची खुंटी शिरत नाही, हे तिथं राहून आलेल्या कुणालाही विचारा. पोरं दोऱ्या दगडांना बांधतात आणि वारा सुटला की रात्रभर तंबू धरून बसतात. जिथं बोटभर खुंटी जात नाही, तिथं वीतभर खड्डा कसा व्हायचा? म्हणजे जे होतं ते वरच राहतं, कातळाच्या खळग्यात. जांभा भेगाळ, सच्छिद्र. पावसाचं पाणी त्यातून झिरपून खालच्या अंगाला झरा होऊन बाहेर येतं, आणि त्या झऱ्यावर वाडीची घागर भरते.

गेल्या थंडीत कणकुंबीच्या अलीकडं अशाच एका मुक्कामाच्या जागी शेजारच्या मुलांबरोबर गेले होते. पैसे घेणाऱ्यानं चहा चांगला दिला, तंबूही नवे होते. ‘वॉशरूम’ कुठं म्हणून विचारलं, तर त्यानं हात लांब करून सगळं रान दाखवलं. सकाळी त्या रानात पाऊल टाकायची सोय नव्हती. करवंदीच्या जाळीजाळीत पांढरे ओले रुमाल (वेट वाइप्स) अडकले होते. ते दिसतात कागदासारखे, पण पुष्कळांत प्लास्टिकचा धागा असतो. पाऊस पडून गेला तरी विरत नाहीत. जाळीच्या खालून ओढा वाहत होता, आणि त्याच ओढ्यातून आणलेल्या पाण्याचा चहा आम्ही नुकताच वाखाणला होता.

हा ओढा कुठं जातो, हे मुलांना भूगोलात शिकवलंय. कणकुंबीला माउलीच्या देवळापाशी मलप्रभा उगम पावते. ती खानापूरला वळसा घालून पुढं सौंदत्तीजवळ नवीलतीर्थाच्या धरणात अडते आणि हुबळी-धारवाडच्या नळाला येते. देगावच्या बाजूनं निघते ती म्हादई, गोव्याची जीवनवाहिनी. या म्हादईच्या पाण्यासाठी कर्नाटक, गोवा आणि महाराष्ट्र अशी तीन राज्यं लवादापुढं वर्षानुवर्षं भांडली. 2018 च्या ऑगस्टमध्ये निवाडा आला, तरी भांडण मिटलेलं नाही. थेंबाथेंबाचा हिशेब मांडणाऱ्या या तिन्ही सरकारांपैकी एकानंही उगमापाशी त्या पाण्यात काय मिसळतंय याची चौकशी केल्याचं माझ्या कानावर नाही.

माणसांचं सोडा. सड्यावरचे सुटे दगड तंबूच्या दोऱ्यांसाठी उचलतात, शेकोटीच्या चुलीसाठी रचतात. त्या दगडांखाली ओल धरून जगणारे जीव असतात. देवगांडूळ बघितलाय का कधी? दिसतो गांडुळासारखा, पण असतो बेडकाच्या गणगोतातला. त्याची एक जात शास्त्रज्ञांनी चोर्ल्याच्याच परिसरातून 2007 मध्ये जगापुढं आणली आणि तिच्या नावात म्हादईचं नाव गुंफलं. दगड उलथला की त्याचं छप्पर गेलं. पावसाळा सरत आला की याच सड्यांवर निळी-जांभळी फुलं येतात, कीटक खाणारा दवबिंदू उगवतो. आणि दिवाळी झाली की त्यावरच तंबू.

लेखात आणखी एक गोष्ट सुटली आहे, ती लिहिल्याशिवाय राहवत नाही. तंबूचा हंगाम डिसेंबर ते मे, आणि माकडतापाचा हंगामही तोच. हा रोग पहिल्यांदा 1957 मध्ये शिमोगा जिल्ह्यातल्या क्यासनूरच्या जंगलात ओळखला गेला. आपल्या घाटाखालच्या दोडामार्ग तालुक्यात 2016 मध्ये त्यानं माणसं नेली. रानातल्या गोचिडीमार्फत तो पसरतो, आणि माकडं मरून पडू लागली की ती धोक्याची घंटा. वाळक्या पाल्यावर चटई टाकून उताणं पडून चांदणं बघणं म्हणजे गोचिडीला आमंत्रणच. कर्नाटकात आरोग्य खातं रानात जाणाऱ्यांना अंगाला लावायचं डेपा तेल देतं. काजू गोळा करणाऱ्या आमच्या बायकांना ते ठाऊक असतं. तंबूवाल्याच्या जाहिरातीत ‘काय आणावे’ म्हणून यादी असते, तीत टॉर्च असतो, जॅकेट असतं, हे नसतं. अस्वल आणि गव्याबद्दलही काही नसतं. आडोशाला म्हणून अंधारात जाळीत शिरणाऱ्या माणसाला खानापूरच्या रानात काय आडवं येईल, हे गवळीवाड्यातलं शेंबडं पोरही सांगेल.

यावर कुणी म्हणेल, मग बंदीच घाला. बंदीची मला हौस नाही. आपल्याकडं रीत अशी की आधी गर्दी होऊ द्यायची, जागेची वाट लागू द्यायची, आणि मग एका रात्रीत सगळ्यांना हाकलायचं. उत्तराखंडात बुग्याळांवर, म्हणजे तिथल्या उंचावरच्या कुरणांवर, तंबूंचं गाव वसलं आणि शेवटी 2018 मध्ये उच्च न्यायालयाला तिथल्या रात्रीच्या मुक्कामावर बंदी घालावी लागली. ज्या वाटाड्यांचं पोट त्यावर होतं, त्यांच्याकडं कुणी बघितलं नाही. आपल्याच कर्नाटकात 2024 च्या जानेवारीत कुमारपर्वतावर मुंग्यांसारखी रांग लागली, चित्रफीत गावभर फिरली, आणि ऑनलाइन नोंदणी नसलेल्या वाटा वनखात्यानं बंद केल्या. पुढं नोंदणीची व्यवस्था आली, रोजच्या माणसांवर मर्यादा आली. हे आधी सुचायला काय हरकत होती?

माझं म्हणणं साधं आहे. घाटमाथ्यावर तंबूला परवानगी देताना, मग ती वनखात्याची असो की पंचायतीची, पहिला प्रश्न शौचालयाचा विचारा. जागा दाखवा, माती किती खोल आहे ते दाखवा, पाणी किती लांब आहे ते दाखवा. आणि ते साफ कोण करणार, हेही लिहून घ्या. या शेवटच्या प्रश्नाला सगळे बगल देतात. शहरातली पोरं एका रात्रीची मजा करून जाणार आणि वाडीतल्या एखाद्या गरिबाला शंभराची नोट दाखवून खड्डा उपसायला लावणार, असलं चालणार नाही. माणसाकडून हातानं मैला उचलून घेणं 2013 च्या कायद्यानं गुन्हा आहे, जंगलात काही त्याला सूट नाही. दोन खड्ड्यांचा संडास बांधला तर एक भरल्यावर बंद करून दुसरा वापरता येतो; पहिल्यातलं दीड-दोन वर्षांत खत होतं. पण त्याला खोल माती हवी, म्हणजे सडा आपोआप बाद होतो.

माती आहे कुठं? गावाशेजारच्या भातशेतात. नोव्हेंबर अखेरीला कापणी, मळणी आटोपली की आमच्या भागातली कितीतरी खाचरं मोकळी पडतात. तिथं खुंटी घट्ट बसते, बांधाचा आडोसा असतो, वारा कमी. जवळ घरं आहेत, घरांना संडास आहेत, दार वाजवलं तर उघडणारं माणूस आहे. दरी दिसत नाही हे खरं. दरी सकाळी उठून चालत जाऊन बघावी, पाय कशाला दिलेत? शेतकऱ्याला चार पैसे मिळतील, घरच्या बाईला भाकरी-पिठल्याचे मिळतील, आणि रात्री दहानंतर कर्णा वाजला तर बंद करायला गाव समर्थ आहे. भीमगड अभयारण्यातल्या आमगाव, गवळी, पास्तोलीच्या लोकांनी रस्ता मागितला की त्यांना वन्यजीवांचं कारण सांगतात; पावसाळ्यात आजारी माणूस तिरडीसारखा खांद्यावर घेऊन ते चिखल तुडवतात. त्याच रानाच्या काठावर रात्रभर दिवे आणि कर्णे चालतात, तेव्हा ते वन्यजीव कुठं जातात कोण जाणे.

एक किरकोळ मागणीही आहे. जिथं सूचना-फलक लावाल, तिथं कानडीबरोबर मराठीही लावा. सीमाप्रश्नाचा विषय मी इथं काढत नाही, तुमच्या अंकात तो रोज असतोच. पण शेकोटी पेटवू नका, हे वाचणाऱ्याला कळलं नाही तर वणवा दोन्ही भाषा जाळील. फेब्रुवारीपासून सड्याच्या कडेचं गवत काडेपेटीची वाटच बघत असतं. तोवर वणवा अडवायला जाळरेषा मारून मारून गार्ड लोकांची कंबर मोडलेली असते.

पुरवणीच्या पुढच्या लेखकाला एक विनंती कळवावी. मुक्कामाच्या जागेचा फोटो छापाल, तेव्हा तंबूच्या मागच्या बाजूचाही एक छापा.

आपली नम्र,
एक निवृत्त शिक्षिका, खानापूर (जि. बेळगाव)