काकांसाठी नुसता वास

बाल्टिमोर, रविवार सकाळ

ती. स्व. काकांना शि. सा. न. वि. वि.

परवा फोनवरच सांगणार होतो, पण तिकडं स्पीकर चालू होता आणि काकू शेजारीच बसली होती. म्हणून पत्र.

विषय दारूचा आहे. तुम्ही माळकरी. तीस वर्षं कारखान्याच्या डिस्टिलरीत काढली आणि थेंबही जिभेला लावला नाही, हे अख्ख्या गल्लीला माहीत आहे. पण फर्मेंटरवर, म्हणजे आंबवायच्या टाकीवर, वाकून नुसत्या वासावरून वॉश (आतलं आंबणारं पाणी) कुठवर आलाय ते सांगणारा माणूस मी तुमच्याशिवाय पाहिला नाही. काल रात्री तुमची फार आठवण झाली ती त्यामुळंच.

शेजारचे एक निवृत्त आजोबा आहेत, बर्फ पडला की मी त्यांची पायरी साफ करतो. त्यांनी बोलावलं आणि पाइक्सव्हिल नावाची राय व्हिस्की काढली. काकूला आधी सांगा, ही राई म्हणजे मोहरी नव्हे. राय हे थंडीतलं धान्य, गव्हाचा चुलतभाऊ, दाणा जरा लांबट आणि करडा. हिवाळ्याच्या तोंडाशी पेरतात, बर्फाखाली तग धरतं. त्याचं पीठ भिजवलं की खळीसारखं चिकट होतं आणि आंबताना फेस धरतं, म्हणून मोठ्या भट्ट्यांना ते नकोसं वाटतं. मका घाला, तो गुमान वागतो.

पाइक्सव्हिल हे आमच्या शहराला लागून असलेलं उपनगर. तिथल्या बेकरीतून मी रायचा पाव आणतो, त्यात शहाजिऱ्यासारखे दाणे असतात. एके काळी आमच्या मेरीलँड राज्याची राय नावाजलेली होती. मग १९२० ते १९३३ देशभर दारूबंदी झाली, नंतर लोकांची जीभ बदलली, आणि इथल्या भट्ट्या एकेक करून थंडावल्या. आता ही बाटली केंटकी राज्यात भरतात. नाव पैठणचं आणि माग येवल्यात, तसलाच प्रकार.

पहिल्या झटक्याला मी फजिती करून घेतली. अत्तर हुंगावं तसं नाक ग्लासात खुपसलं आणि डोळ्यांत टचकन पाणी. ५५ टक्के अल्कोहोल! आजोबा म्हणाले, तोंड थोडं उघडं ठेव आणि ग्लास हनुवटीपाशी धर. तसं केलं आणि काका, पहिला वास आला तो गुऱ्हाळाचा. काकवी नव्हे, काहील उतरवल्यावर कडेला जो गूळ करपून चिकटतो, जो आम्ही पोरं उलथण्यानं खरवडून खायचो, तो. त्याच्यामागून लवंग, मग दालचिनी, मग पावातलं ते शहाजिरं. चार थेंब पाणी टाकल्यावर व्हॅनिला वर आला. घोट घेतला तर गोडवा जिभेच्या टोकावरच संपला आणि पुढं मिरीचा ठसका, घशाखाली जाईपर्यंत. बर्बन, म्हणजे इथली मक्याची व्हिस्की, गोडमिट्ट असते, मला पेढा खाल्ल्यासारखं होतं. ही मात्र उलट उत्तर देते.

गूळ आणि व्हॅनिला धान्यातून येत नाहीत, पिंपातून येतात. भट्टीतून उतरते तेव्हा ही तुमच्या स्पिरिटसारखीच पांढरी, पाण्यासारखी. मग ओकच्या कोऱ्या पिंपात भरतात. पिंप आतून जाळून कोळसा केलेलं. लाकडातली साखर त्या आचेनं करपलेली असते. उन्हाळ्यात दारू लाकडात शिरते, थंडीत मागं येते, असं या बाटलीनं सहा वर्षं केलं आहे.

आणि इथंच मी अडलो. कायद्यानं अमेरिकन राय व्हिस्कीत निदान ५१ टक्के राय हवं हे ठीक. पण भट्टीतून ती ८० टक्क्यांच्या वर काढायचीच नाही, आणि पिंपात भरताना ६२.५ च्या वर नको. तुमच्याकडं तर ९५ च्या खाली आलं की साहेब शिफ्टवाल्याला धारेवर धरायचे! तुमची सगळी नोकरी मळीचा वास काढून टाकण्यात गेली. इथं धान्याचा वास राहावा म्हणून कायदा आहे. तुमच्या त्या बिनवासाच्या स्पिरिटला रंग-चव लावून आपल्याकडची बरीचशी व्हिस्की होते, हे आजोबांना सांगितलं, तर ते बराच वेळ गप्प बसले.

अमेरिकेचा पहिला राष्ट्राध्यक्षही तुमच्याच धंद्यातला, बरं का. जॉर्ज वॉशिंग्टननं १७९७ साली एका स्कॉटिश कारभाऱ्याच्या आग्रहानं माउंट व्हर्नन या आपल्या मळ्यावर भट्टी घातली. ६० टक्के राय, ३५ मका, ५ माल्ट केलेलं, म्हणजे मोड आणून वाळवलेलं, बार्ली. १७९९ मध्ये पाच तांब्याच्या भांड्यांतून सुमारे ११,००० गॅलन काढली. तुमच्या डिस्टिलरीचं ते दिवस-दोन दिवसांचं काम. ती १८१४ ला जळाली, आता त्याच जागी पुन्हा उभी केली आहे. मी गेल्या साली पाहून आलो. हॅन्सन, पीटर, नॅट, डॅनियल, जेम्स, टिमथी हे सहा गुलाम तिथं राबायचे. राहिलेला चोथा डुकरांना घालत. स्पेंट वॉशच्या, म्हणजे दारू काढून उरलेल्या पाण्याच्या, वासावरून गावानं कारखान्यावर काढलेला मोर्चा आठवला.

आणखी एक. दुसऱ्या एका बाटलीवर ‘बॉटल्ड इन बाँड’ लिहिलेलं होतं. १८९७ चा कायदा आहे. एकाच भट्टीची, एकाच हंगामातली, निदान चार वर्षं सरकारी देखरेखीखालच्या गोदामात मुरलेली आणि बरोबर ५० टक्क्यांची. म्हणजे तुमचे ते एक्साइजचे इन्स्पेक्टर आणि त्यांचं कुलूप! फरक इतकाच की इथं लोक त्या कुलपासाठी जास्त पैसे मोजतात.

आज सकाळी ग्लास धुवायला घेतला, आजोबांनी तो मला देऊनच टाकला होता. रात्रभर कोरडा पडलेला. सहज हुंगला तर अल्कोहोल पार गेलेलं, उरलं होतं फक्त ओलं लाकूड आणि करपट गूळ. पुसून, कागदात गुंडाळून ठेवला आहे. दिवाळीला येताना आणतो. रिकाम्या ग्लासाला माळेची हरकत नसावी, तरी महाराजांना विचारून ठेवा.

काकूला नमस्कार.

तुमचा,
बंड्या