नववीच्या पोरांना वाचायला शिकवणाऱ्या बाईंना

आदरणीय बाई,

सादर नमस्कार.

असं चारचौघांत लिहिलेलं तुम्हाला आवडणार नाही, ठाऊक आहे. पण शाळेने देऊ केलेली शाल तुम्ही हात जोडून परत केलीत आणि मानधनाचा विषय निघाला की चहा मागवता. मग आभार मानायचे तरी कसे?

जिल्हा परिषदेच्या शाळांत पहिली-दुसरीला शिकवून निवृत्त झालेल्या बाई सातपूरच्या हायस्कूलमध्ये येऊन नववीला वाचन शिकवणार, म्हटल्यावर स्टाफरूममध्ये कुजबुज झालीच. आम्हा माध्यमिकवाल्यांची तऱ्हा अशी, की आम्ही उतारा देतो, कृती सोडवून घेतो. तो वाचायचा कसा हे मूल प्राथमिकलाच शिकून आलेलं असणार, असं धरून चालतो. २०२३ च्या ‘असर’ या देशभरातल्या शैक्षणिक पाहणीत १४ ते १८ वयोगटातल्या सुमारे पाव मुलांना दुसरीच्या पातळीचा मजकूरही आपल्या भाषेत सलग वाचता येत नव्हता. मी हा आकडा तुम्हाला मोठ्या तावातावाने ऐकवला. तुम्ही एवढंच विचारलंत, “यातली तुमच्या वर्गात कोण कोण?”

तिथून काम सुरू झालं. बालभारतीच्या तिसरीपासून नववीपर्यंतच्या पुस्तकांतले उतारे तुम्ही छापून आणलेत आणि इयत्ता जिथे दिसेल तो भाग कात्रीने कापून टाकलात. चौथीचा उतारा हातात आलाय हे पोराला कळता कामा नये, कारण नववीतलं पोर त्याने मरणाचं लाजतं. मग एकेकाला व्हरांड्यात बसवून शंभरेक शब्द वाचून घ्यायचे. दहापेक्षा जास्त ठिकाणी अडलं तर तो उतारा त्याला आज जड, खालचा द्यायचा. आणि शेवटी विचारायचं, काय वाचलंस? या प्रश्नाला गळपटणारे बरेचसे भडाभडा वाचणारेच निघाले, हे माझ्यासाठी नवीन होतं.

यादी तयार झाल्यावर मी सगळ्यांसाठी मिळून एक ध्येय लिहून आणलं होतं: ‘वाचनाचा वेग व आकलन वाढवणे’. तुम्ही कागद घडी घालून पर्समध्ये टाकलात. म्हणालात, हे अहवालाला ठेवू, पोराला त्याचं त्याचं वेगळं देऊ.

भडाभडा वाचणाऱ्याला दिलंत, की पूर्णविरामाला थांबायचं आणि परिच्छेद संपला की तो एका वाक्यात सांगायचा. सुरगाण्याहून येऊन वसतिगृहात राहणाऱ्या मुलीच्या घरची बोली कोकणा. तिचं वाचन स्वच्छ, अडचण पुस्तकी शब्दांची. तिला आठवड्याला पाच शब्द, तेही तिनेच निवडलेले, आणि प्रत्येकाचं स्वतःचं वाक्य. गणितात मागे पडणाऱ्या एकीला शाब्दिक उदाहरण सोडवायचंच नव्हतं; ‘दिलंय काय आणि विचारलंय काय’ एवढंच वाचून सांगायचं होतं. गणिताच्या मॅडम आता ते सगळ्या वर्गाकडून करून घेतात, श्रेय मात्र अजून तुम्हाला देत नाहीत.

मला सगळ्यात आवडलं ते गिरणाऱ्याकडून येणाऱ्या पोराचं. घरी द्राक्षबाग, ऑक्टोबर छाटणीला दांडी ठरलेली, आणि पुस्तक म्हटलं की जांभया. त्याला तुम्ही फवारणीच्या औषधाबरोबर येणारी घडीची पत्रिका वाचायला लावलीत. बारीक अक्षर, जोडाक्षरांचा बुजबुजाट. महिनाअखेरीस त्याने वडिलांना तीन गोष्टी वाचून सांगायच्या होत्या: पाण्यात प्रमाण किती, शेवटच्या फवारणीनंतर किती दिवस माल तोडायचा नाही आणि बाटलीवरच्या रंगाचा अर्थ काय. लाल सर्वांत विषारी, मग पिवळा, निळा, हिरवा, हे त्याने आम्हालाच शिकवलं. निर्यातीच्या मालात औषधाचा अंश सापडला तर काय होतं ते द्राक्षवाल्याच्या पोराला वेगळं सांगावं लागत नाही, त्यामुळे त्याने ती पत्रिका खरोखरच वाचली. कुमारभारतीकडे तो अजून प्रेमाने बघत नाही, पण उतारा पूर्ण करतो.

प्रत्येकाचं ध्येय वहीच्या शेवटच्या पानावर, ज्याच्या त्याच्या अक्षरात. आज कुठे, महिन्याने कुठे, आणि जमलं हे कसं कळणार. भिंतीवर तक्ता लावायला तुम्ही ठाम नकार दिलात. पालकसभेत तक्ता छान दिसला असता, पण तुमचंच बरोबर होतं.

घड्याळाच्या बाबतीत मात्र आपलं अजून पटत नाही. तुम्ही म्हणता, मिनिटाला किती शब्द हे मोजलं की पोरं पळायला लागतात. माझं म्हणणं, एकच उतारा आठवडाभर तीन-चारदा वाचला आणि आपलाच सोमवारचा वेळ शुक्रवारी मोडला, तर काहींना चेव येतो. भडाभडावाल्यांना घड्याळ नको, हे मान्य. अडखळणाऱ्यांपुरतं तरी ठेवू द्या.

आणि हो, वर्षाच्या शेवटी तुम्ही स्वखर्चाने त्या सुरगाण्याच्या मुलीला ‘सावाना’त, म्हणजे नाशिकच्या सार्वजनिक वाचनालयात, घेऊन गेलात, हे मला तिच्याकडूनच कळलं. १८४० पासूनचं वाचनालय आपल्या गावात आहे आणि मी वर्गाला तिकडे कधी न्यायचं ते नुसतं ठरवतच होतो.

जूनपासून आठवीचीही मुलं घ्यायची असं मुख्याध्यापकांनी ठरवलंय. तुमचे गुरुवार मोकळे असतील तर कळवा. नसतील तर वार तुम्ही सांगा, वेळापत्रक मी बदलून घेतो.

आपला,
नववीचा मराठीचा शिक्षक
सातपूर, नाशिक