मैदान गाजवणाऱ्या काकांनी माझ्या टेबलापुरता लावून दिलेला आवाज

काका, सप्रेम नमस्कार.

जत्रेत दशावतार असो की डबलबारी, म्हणजे दोन बुवांमधला भजनाचा सामना, शेवटच्या रांगेतल्या म्हातारीपर्यंत शब्द पोचला पाहिजे, हा तुमचा साउंडचा धंदा. त्याच तुम्ही माझ्या खोलीत मांडी घालून बसलात आणि एका माणसाच्या दोन कानांसाठी आवाज लावून दिलात. पैसे घेतले नाहीत, चहा मात्र दोनदा घेतलात. मी आभाराचं काही बोलेपर्यंत गाडीला किक मारून कुडाळच्या रस्त्याला लागलातही. म्हणून हे चारचौघांत लिहिते. वेंगुर्ल्यापासून देवगडापर्यंत कितीतरी घरांत टेबलावर कॉम्प्युटर आणि दोन छोटे स्पीकर आहेत, त्यांनाही हे कळावं असं मला मनापासून वाटतं.

तुमचं पहिलं वाक्य मी वहीत लिहून ठेवलंय. “बाय, आधी तू खय बसतलस ता ठरव, मगे स्पीकर ठेव.” स्पीकर कुठल्या कंपनीचे, किती वॅटचे, हे तुम्ही विचारलंच नाही. खुर्ची नक्की केलीत, मग सुतळी काढलीत. ट्वीटर म्हणजे स्पीकरमधला बारीक, उंच स्वर काढणारा छोटा भाग. एका ट्वीटरपासून दुसऱ्या ट्वीटरपर्यंत जेवढं अंतर, तेवढंच प्रत्येक ट्वीटरपासून माझ्या डोक्यापर्यंत. तिन्ही बाजू सारख्या, साधारण साडेतीन फूट. स्पीकरची तोंडं माझ्याकडे वळलेली. इतकं जवळ का, हे तुम्ही ज्या तऱ्हेने समजावलंत तसं मला कुणीच सांगितलं नव्हतं. अंतर निम्मं केलं की स्पीकरकडून थेट येणारा आवाज सुमारे ६ डेसिबलने वाढतो. भिंतींवरून परतून येणारा मात्र जवळपास होता तेवढाच राहतो. म्हणजे गाणं जास्त ऐकू येतं आणि खोली कमी. आमच्या गिलावा केलेल्या चिऱ्याच्या भिंती टणक, आवाज जसाच्या तसा परत फेकणाऱ्या, त्यामुळे इथे हे दुप्पट महत्त्वाचं. शिवाय आवाज कमी ठेवूनही सगळं स्पष्ट लागतं, बाहेर पडवीत आईची झोप मोडत नाही.

मग तुम्ही आरसा मागितलात. टेबलावर आडवा ठेवून हळूहळू सरकवलात आणि मला खुर्चीतूनच बघायला लावलंत. जिथे आरशात ट्वीटर दिसला, तिथे आवाज टेबलावर आपटून माझ्या कानाकडे येतो. थेट आवाजाच्या मागोमाग, सेकंदाच्या हजाराव्या भागाहूनही कमी उशिराने तो पोचतो आणि काही स्वर खातो, काही फुगवतो. गाणारा बोळात उभा राहून गातोय असं जे मला सतत वाटायचं, ते यामुळे. त्यावर तुम्ही सुचवलेला उपाय आमच्या सुताराने संध्याकाळी करून दिला: स्पीकरखाली ठेवायला फणसाच्या लाकडाचे दोन ठोकळे, पुढची बाजू किंचित उंच, म्हणजे ट्वीटर वर बघत थेट कानाकडे रोखला जातो. ठोकळ्यांखाली जुन्या ट्यूबचं रबर. स्पीकर टेबलाच्या माझ्याकडच्या काठापर्यंत ओढले, म्हणजे समोर आपटायला पृष्ठभागच कमी उरला. टेबल थरथरायचं थांबलं, तेव्हा कळलं की पखवाजाच्या खर्जाच्या थापेबरोबर इतके दिवस टेबलही वाजत होतं.

भिंतीचंही तसंच. पाठीला भोक असलेला स्पीकर भिंतीला चिकटवला की खर्ज फुगतो. तुम्ही टेबलच हातभर पुढे ओढलंत. बारा फूट लांब खोलीत पहिला घुमारा, म्हणजे खोलीच्या लांबीमुळेच फुगणारा खर्ज, साधारण ४७ हर्ट्झला येतो आणि तो कोपऱ्यांत सगळ्यात जास्त साठतो, हे सांगून तुम्ही माझी खुर्ची आणि दोन्ही स्पीकर कोपऱ्यांपासून लांब ठेवलेत. कौलांच्या उतरत्या छपराचं मात्र तुम्ही कौतुक केलंत. स्लॅबच्या घरात छत आणि जमीन एकमेकांकडे आवाज टोलवत बसतात, तसं इथे होत नाही.

सगळ्यात मोठे आभार अर्थिंगसाठी. स्पीकरमधून येणारी ती बारीक गुणगुण घालवायला ‘प्लगची तिसरी पिन काढून टाक’ असा सल्ला मला आधी मिळाला होता. ते ऐकून तुमचा चेहराच बदलला. “त्या पिनेवर माणसाचो जीव असता,” इतकंच म्हणालात आणि बोर्ड तपासायला उठलात. कॉम्प्युटर एका भिंतीच्या सॉकेटवर, स्पीकर दुसऱ्या. दोघांची अर्थिंग वेगवेगळ्या वाटेने जात होती आणि त्या फेऱ्यातून गुणगुण शिरत होती. दोन्ही एकाच बोर्डावर आणले आणि ती जवळजवळ गेली. उरलेली मागच्या परसात सापडली. अर्थिंगचा खड्डा एप्रिलच्या उन्हात कोरडा ठणठणीत पडला होता. जांभ्या जमिनीत पाणी टिकत नाही आणि ओल नसेल तर कोळसा-मीठ घालूनही अर्थिंग नीट लागत नाही. आता उन्हाळाभर झाडांना पाणी घालताना एक बादली तिथेही जाते. हे घरातल्या प्रत्येक माणसाच्या सुरक्षिततेचं काम होतं, आवाजाच्या निमित्ताने झालं.

खाऱ्या हवेचंही तुम्ही सांगून गेलात ते पाळते. पिना हिरव्या पडण्याआधी आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसते, अधूनमधून काढून परत बसवते, आणि वर प्लास्टिक न घालता सुती पंचा टाकते, कारण प्लास्टिकखाली दमटपणा कोंडतो. पत्र्याच्या पडवीवर आषाढाचा पाऊस कोसळतो तेव्हा कुठलाच स्पीकर उपयोगाचा नाही, हेही तुम्ही प्रामाणिकपणे सांगितलंत. वीज कडाडायला लागली की मी सगळे प्लग काढून ठेवते.

हे सगळं कशासाठी, ते तुम्हाला ठाऊक आहे. आमच्या वाडीच्या भजनमंडळाच्या जुन्या कॅसेट मी कॉम्प्युटरवर उतरवून घेते. एका माइकवर भरलेल्या, म्हणजे डाव्या-उजव्या दोन्ही बाजूंना तेच. तुम्ही म्हणालात, हीच तुझी परीक्षेची टेप. मांडणी बरोबर असेल तर बुवांचा आवाज दोन स्पीकरच्या मधोमध, जिथे नुसती भिंत आहे तिथून आला पाहिजे. आणि आला. पेटीचा भाता ऐकू आला, बुवांनी गजर घेण्याआधी घेतलेला श्वास ऐकू आला, मागे कोरसात एक जण नेहमी अर्धी मात्रा आधी शिरतो तोही. कॅसेट डेकच्या हेडशेजारचा, म्हणजे टेपवरून आवाज उचलणाऱ्या भागाशेजारचा, बारीक स्क्रू झांज सर्वांत लख्ख लागेपर्यंत फिरवायचा, आधी मूळ जागेवर रंगाची खूण करून, हेही तुम्हीच शिकवलंत. ज्या यंत्रावर कॅसेट भरली त्याच्या हेडचा कोन आणि आपल्या डेकचा कोन सारखा नसतो. तो जुळला नाही तर झांज मातकट होते. माझ्याकडच्या निम्म्या कॅसेट मातकट वाटत होत्या त्या कॅसेटचा दोष म्हणून नव्हे, हे त्यामुळे कळलं.

काका, यातल्या तीन-चार बाऱ्यांना साउंड तुमच्याच वडिलांचा होता, असं खोक्यांवर लिहिलंय. एका टेपच्या सुरुवातीला कुणीतरी माइकवर “हॅलो, चेक” म्हणतंय. तो आवाज कुणाचा, ते तुम्हीच सांगू शकाल. नवरात्रातली तुमची कामं आटोपली की या. खुर्ची सुतळीने मोजून ठेवलेली आहे, त्या जागी या वेळी तुम्ही बसा. पेनड्राइव्हवर सगळ्या बाऱ्या तुमच्यासाठी भरून ठेवते.

तुमची,
वेंगुर्ल्याची बाय