लाल दिवा नको, काळोखच हवा

संपादक महोदय,

पुरवणीतील घरच्या डार्करूमवरच्या मजकुरात चार बाय पाच इंची फिल्म लाल दिव्यात धुण्याचा सल्ला आहे. तो पाळला तर फिल्म सरसकट काळी होईल. लाल दिवा चालतो तो कृष्णधवल छपाईच्या कागदाला आणि ऑर्थो (लाल रंग न ओळखणाऱ्या) फिल्मला. इलफर्डची एचपी५ प्लस किंवा एफपी४ प्लस ही कृष्णधवल फिल्म पॅनक्रोमॅटिक, म्हणजे सर्व रंगांचा उजेड टिपणारी आहे, तिच्यावर लाल उजेडाचाही परिणाम होतो. बाथरूममध्ये काम करणार असाल तर गीझरचा बारका दिवासुद्धा झाका.

अंधारात फिल्मची बाजू कळते शीटच्या कडेला कापलेल्या खाचेवरून. शीट उभी धरून खाच वरच्या कडेला उजवीकडे आली की इमल्शन (उजेड टिपणारा थर) आपल्याकडे. आठ बाय दहाच्या ट्रेमध्ये सुरुवातीला चारच शीट घ्या. आधी साध्या पाण्यात एकेक बुडवा. पहिली पुरती भिजल्याशिवाय दुसरी टाकू नका, नाहीतर दोन्ही चिकटतात आणि मग सुटत नाहीत. डेव्हलपरमध्ये (चित्र उमटवणाऱ्या द्रावणात) इमल्शन वर ठेवून सर्वांत खालची शीट अलगद ओढायची, वर आडवी ठेवायची, बोटांच्या पेरांनी दाबायची. दर सात-आठ सेकंदांना एक. ओरखडे पडतात ते नखांपेक्षा शेजारच्या शीटच्या कोपऱ्याने, म्हणून ती तिरकी घुसवू नये.

दुसरी चूक वेळेची. एचपी५ प्लसला आयडी-११ हा डेव्हलपर समभाग पाण्यात मिसळून २० अंश सेल्सिअसला १३ मिनिटे, हे बरोबर. पण ट्रेमध्ये फिल्म सतत हलते, तेव्हा त्यातून १०-१५ टक्के कापावे लागतात. शिवाय मे महिन्यात टाकीचे पाणी तिशीच्या वर असते. ट्रे मोठ्या टबात ठेवून टबातल्या पाण्यात बर्फ घाला (डेव्हलपरमध्ये नव्हे) आणि २४ अंशांवर आणा. तिथे छापील वेळ सुमारे ९ मिनिटे, त्यातूनही वरची कपात. उन्हाळ्यात डेव्हलपर पाणी न घालता वापरू नये. वेळ पाच मिनिटांखाली जाते आणि आकाशात पट्टे उमटतात. हायपो (चित्र पक्के करणारे, फिक्सिंगचे द्रावण) आणि शेवटी फिल्म धुण्याचे पाणीही त्याच तापमानाच्या आसपास हवे. गरम पाण्यात इमल्शन मऊ पडून सहज खरवडते.

हायपोची वेळ घड्याळावर सोडू नका. फिल्मचा वाया गेलेला तुकडा उजेडात त्यात टाका, तो पारदर्शक व्हायला लागेल त्याच्या दुप्पट वेळ द्या. निगेटिव्हवर दुधाळ डाग राहिला तर फिक्सिंग अपुरे झाले आहे. ती पुन्हा हायपोत टाकली की डाग जातो.

– एक वाचक, पुणे