सुट्ट्यांमध्ये मदत करायचीच आहे तर, कमिटीला एक पत्र

प्रति,
मा. अध्यक्ष आणि मॅनेजिंग कमिटी

विषय: सणासुदीच्या सुट्ट्यांत सोसायटीतर्फे करायच्या मदतीबद्दल

अध्यक्ष साहेब, नमस्कार.

ग्रुपवर तुमचा मेसेज वाचला, की यंदा सुट्ट्यांमध्ये सोसायटीने काहीतरी सामाजिक करूया आणि सगळ्यांनी घरातल्या जुन्या वस्तू खाली आणून द्याव्यात. कल्पना मनापासून आवडली. पण ग्रुपवर लिहिलं की दहा मिनिटांत ते गुड मॉर्निंगच्या खाली गाडलं जातं, म्हणून हे पत्र.

वस्तू गोळा करायच्या आधी ज्यांना द्यायच्यात त्यांना एक फोन करूया ना, की तुम्हाला नक्की काय लागतं, किती लागतं आणि कधी आणू. गेल्या वेळी आपण आधी गोळा केलं आणि मग घेणारे शोधत बसलो, निम्मी गाठोडी कितीतरी दिवस पार्किंगमध्ये पडून होती कारण त्यात फाटके कपडे आणि एकेकटे बूट होते, आणि ते निवडायचं काम शेवटी सफाईवाल्या मावशींवर आलं. जे आपण स्वतः वापरणार नाही ते दुसऱ्याला द्यायचं नाही, एवढी एक ओळ नोटीसमध्ये टाका. आणि प्लीज, घेणाऱ्या मुलांचे फोटो काढायचे नाहीत. त्यांना कोणी विचारतं का, की तुमचा फोटो दोनशे फ्लॅटच्या ग्रुपवर गेला तर चालेल का?

पण मला खरं बोलायचंय ते आपल्याच जिन्यातल्या लोकांबद्दल. सुट्ट्या लागल्या की निम्मी बिल्डिंग रिकामी होते आणि जे मागे राहतात त्यांच्याकडे कोणाचं लक्ष नसतं. जागतिक आरोग्य संघटनेचा 2025 चा अहवाल म्हणतो की जगात दर 6 माणसांमागे 1 जण एकटेपणाने त्रासलेला आहे, आणि आपल्याला वाटतं की हे फक्त म्हाताऱ्या माणसांचं, तर तसं नाहीये, त्याच अहवालात 13 ते 29 वयाच्या मुलांमध्ये हे प्रमाण 17 ते 21 टक्के दिलंय. म्हणजे ज्यांची मुलं परदेशात आहेत ते आजी-आजोबा आणि भाड्याच्या फ्लॅटमध्ये राहणारी, सुट्टी न मिळालेली नोकरीवाली पोरं, दोघांचाही विचार करायला हवा. त्या पोरांना आपण एरवी फक्त पार्किंगवरून बोलायला जातो.

करायचं फार काही नाहीये. प्रत्येक विंगमध्ये दोन जण ठरवा जे सुट्टीत इथेच आहेत, त्यांनी ज्यांना हवंय त्यांच्याकडे दिवसातून एकदा बेल वाजवायची किंवा फोन करायचा, औषधं पुरेशी आहेत का बघायचं कारण सुट्टीत नेहमीचे डॉक्टर आणि मेडिकलवाले बंद असू शकतात, आणि मुलाचा किंवा मुलीचा नंबर आपल्याकडे लिहून ठेवायचा. ज्यांना नको असेल त्यांच्या मागे लागायचं नाही. एक गोष्ट मात्र नक्की पाळा, घरी एकटं कोण आहे आणि कुठला फ्लॅट बंद आहे याची यादी ग्रुपवर किंवा बोर्डावर लावायची नाही, ती कमिटीतल्या दोघांकडेच राहू दे, चोराला आयती माहिती कशाला द्यायची. आणि आजी-आजोबांना नुसतं घेणारे करून ठेवू नका हो, त्यांना कामं पण सांगा. कोणी मुलांचा अभ्यास घेईल, कोणी बाहेरगावी गेलेल्यांच्या झाडांना पाणी घालेल. माणसाला आपली कोणाला तरी गरज आहे असं वाटणं फार मोठं असतं.

सिक्युरिटी आणि सफाईवाल्यांचंही तसंच. आपली सुट्टी म्हणजे त्यांना डबल काम, पाहुणे जास्त, पार्सल जास्त, कचरा जास्त. ड्युटीचा चार्ट आत्ताच बनवून घ्या आणि बदली माणूस मागवा, म्हणजे प्रत्येकाला निदान एक तरी दिवस घरच्यांबरोबर मिळेल. फुटलेली काच कागदात गुंडाळून वेगळी द्यायची आणि पार्सल खाली येऊन स्वतः घ्यायचं, हे सगळ्यांना जमण्यासारखं आहे. घरी कामाला येणाऱ्या ताईंना सुट्टी कधी आणि पगार न कापता, हेही आधी सांगितलं तर त्यांना गावी जायचं तिकीट वेळेवर काढता येईल.

जेवण वाटायचं म्हणाल तर एक अडचण आहे. शिजवलेलं अन्न बाहेर 2 तासांपेक्षा जास्त ठेवायचं नाही, 5 ते 60 डिग्रीच्या मधे जंतू झपाट्याने वाढतात, त्यामुळे कार्यक्रम संपल्यावर उरलेलं घेऊन रात्री कोणाला तरी शोधत फिरायचं, हे बंद करूया. नेणारा आधी ठरलेला असेल तरच, आणि ताटातलं नाही तर भांड्यात वेगळं काढून ठेवलेलंच द्यायचं.

रक्तदान शिबिराची मात्र मी खूप बाजू घेईन. सुट्टीत दाते बाहेरगावी जातात पण पेशंट तर हॉस्पिटलमध्येच असतात, आणि प्लेटलेट्स साधारण 5 दिवसच टिकतात, लाल पेशीसुद्धा फार तर 42 दिवस, म्हणजे आधी भरपूर जमा करून ठेवू म्हटलं तरी जमत नाही. म्हणून एकाच दिवशी सगळ्यांची रांग लावण्यापेक्षा रक्तपेढीला विचारून दोन तारखा घेऊया, एक सुट्टी लागायच्या आधी आणि एक सुट्टीच्या मधे. दोन रक्तदानांमधे पुरुषांनी किमान 90 आणि बायकांनी 120 दिवस थांबावं असं सांगतात, त्यामुळे ऑफिसच्या शिबिरात नुकतंच दिलेल्यांना आग्रह नको, ते नावं लिहून घ्यायला बसतील.

माझ्या विंगमध्ये फोन करायचं आणि बेल वाजवायचं काम मी घेते, आम्ही यंदा कुठे जात नाहीये. बाकीच्या विंगसाठी नावं मागवा आणि या विषयावर मीटिंग ठेवा, फक्त रविवार सकाळऐवजी रात्री साडेआठनंतर ठेवलीत तर शिफ्टवाली मुलं आणि दिवसपाळीचे वॉचमन दादा पण थांबू शकतील, त्यांचं काय म्हणणं आहे तेही कळेल.

आपली,
बी विंगमधली एक रहिवासी