चाचांच्या शेजारची खुर्ची

कुर्ला, मुंबई

प्रिय मित्रा,
सप्रेम सलाम.

शाळेच्या ऑफिसचा कारभार माझ्याकडे आल्याचं तुला कळवलं होतं, पुढचं राहूनच गेलं. आमची शाळा ट्रस्टची, उर्दू माध्यमाची, दीनियातचा, म्हणजे इस्लामी धर्मशिक्षणाचा तास असणारी. पालक बहुतेक रोजंदारीवरचे. बोनाफाइडसाठी आलेल्या बाईला ‘उद्या या’ म्हटलं की तिचा एक खाडा पडतो. मला ते बघवेना आणि मी घाईला पेटलो.

कॉम्प्युटर मागवले, जनरल रजिस्टर, म्हणजे सगळ्या मुलांच्या नोंदींची वही, उतरवायला बाहेरची दोन मुलं बसवली. पंधरा दिवसांत घोळ! जुनी रजिस्टरं उर्दूत. उर्दूत ऱ्हस्व स्वर सहसा लिहीत नाहीत, त्यामुळे एकच नाव कुणी मुहम्मद वाचतो, कुणी मोहम्मद. आधारवर आणखी तिसरंच. यू-डायसवर, म्हणजे सरकारच्या ऑनलाइन शालेय नोंदीत, नावं जुळेनात. दाखल्यावर एक अक्षर चुकलं तर ते पार पासपोर्टपर्यंत पोराचा पिच्छा पुरवतं, आणि रजिस्टरमधलं नाव दुरुस्त करायचं तर शिक्षण निरीक्षकांची मंजुरी लागते.

हे सगळं ठाऊक असलेले आमचे हेडक्लार्क चाचा शेजारच्याच टेबलावर गप्प बसून होते. मी त्यांना विचारलंच नव्हतं. मोमिनांची, म्हणजे श्रद्धावंतांची कामं आपसातल्या सल्ल्यानं चालतात, असं कुरआनच्या 42व्या सूरेत आहे. ती आयत मी मुलांना स्वतः शिकवलीय. फार लाज वाटली रे.

रमजानात शाळा लवकर सुटते. एका दुपारी चाचांजवळ जाऊन बसलो, माफी मागितली. म्हणाले, “साहब, मशीन से दुश्मनी नहीं. नाम ग़लत चढ़ा तो बच्चा भुगतेगा.”

आता चाचा जुनं रजिस्टर वाचतात, बाहेरून बसवलेला मुलगा टाइप करतो. नवीन प्रवेशाची नोंद पक्की करण्याआधी प्रिंट पालकाच्या हातात देतो, ज्यांना वाचता येत नाही त्यांना वाचून दाखवतो, मगच सही. आठवड्यातून दोन दिवस खिडकी संध्याकाळी सातपर्यंत उघडी. ही कल्पनाही चाचांचीच. जुम्याच्या, म्हणजे शुक्रवारच्या नमाजची सुट्टी कधी, ते बोर्डावर मोठ्या अक्षरात लिहिलंय, म्हणजे कुणाचा हेलपाटा नको. बोनाफाइड त्याच दिवशी मिळतं.

तुमच्या बँकेत संगणक आले तेव्हा जुन्या मंडळींना कसं सामावून घेतलंत, सविस्तर लिही. चाचा जूनमध्ये रिटायर होतायत. 1990च्या आधीची रजिस्टरं अजून बाकी आहेत, म्हणून आम्ही रविवारीही बसतो.

तुझाच,
जुना बाकावरचा सोबती