पत्रिका तयार, फाईल कुलुपात

मा. संपादक,
स. न. वि. वि.

लक्ष्मीपुरीत माझं डीटीपीचं दुकान आहे, २२ वर्षं झाली. लग्नपत्रिका, वास्तुशांतीची कार्डं, तरुण मंडळांचे अहवाल, दुकानदारांची बिलबुकं असलं काम. गेल्या लग्नसराईत कागलकडचे एक गृहस्थ मुलीच्या पत्रिकेचं प्रूफ घेऊन संध्याकाळी परत आले. निमंत्रकांत थोरल्या चुलत्यांचं नाव धाकट्यांच्या खाली पडलं होतं. एवढ्यावरून लग्न मोडत नाही, पण मांडवात कोण कुणाकडं पाठ करून बसणार ते ठरतं. दोन ओळी वरखाली करायच्या, मिनिटाचं काम. डिझाइनचं सॉफ्टवेअर उघडलं तर पडद्यावर पाटी : वर्गणी संपली आहे.

वर्षाची रक्कम १५ हजारांच्या वर होती. रिझर्व्ह बँकेच्या नियमानं एवढ्या रकमेला दर वेळी ओटीपी लागतो, आपोआप कापली जात नाही. तो मेसेज माझ्या नजरेतून सुटला, चूक माझीच. पण ते गृहस्थ माझ्या तोंडाकडं बघत म्हणाले, "अहो, फाईल तुमचीच हाय नव्हं?" याचं उत्तर मला तेव्हा देता आलं नाही. म्हणून हे पत्र.

वर्गणी हा शब्दही बघा. मंडळाची वर्गणी दिली की निदान आरतीला पुढं उभं राहायला तरी मिळतं. मे २०१३ मध्ये फोटोशॉप, इलस्ट्रेटर बनवणाऱ्या ॲडोबी कंपनीनं जाहीर केलं, की क्रिएटिव्ह सूट ६ या तिच्या सॉफ्टवेअर-संचानंतरची आवृत्ती विकत मिळणार नाही, फक्त वर्गणीवर. तेव्हापासून ही पद्धत धंद्यात मुरत गेली. वर्षभर रोज काम असलेल्या मोठ्या एजन्सीला ती सोयीची असेल. माझं काम हंगामी. पितृपंधरवड्यात एक पत्रिका छापली जात नाही, भाडं मात्र चालूच. चपलेच्या कारागिराला रापी, म्हणजे चामडं कापायचं हत्यार, कुणी महिन्याच्या भाड्यानं दिली तर तो काय म्हणेल, हे जवाहरनगरात जाऊन विचारावं.

इथं एक कबुली. आमच्या धंद्यात कित्येक वर्षं क्रॅक मारलेली, म्हणजे कुलूप तोडलेली चोरटी, सीडीच चालली. मीही चालवली. तेव्हा नीतीच्या गप्पा मी मारणार नाही. एवढंच म्हणतो, की सरळ मार्गानं जायचं ठरवल्यावर तो मार्ग भाड्याच्या खोलीतूनच का जावा?

त्या रात्री इंकस्केप हे चित्रं-अक्षरं आखायचं सॉफ्टवेअर उघडलं. दोन वर्षं संगणकात पडून होतं, एखादा लोगो ट्रेस करण्यापुरतं. ते फुकट आहे, कुणा एका कंपनीच्या मालकीचं नाही आणि इंटरनेट नसलं तरी चालतं. प्रूफच्या पीडीएफमधून मजकूर उचलायला गेलो तर इंग्रजी अक्षरांचा आणि चिन्हांचा कचरा हाती आला, कारण माझ्या पत्रिका युनिकोडच्या, म्हणजे सगळ्या संगणकांना कळणाऱ्या अक्षर-संकेताच्या, आधीच्या फॉन्टात. सगळा मजकूर पुन्हा टाईप केला. टिरो देवनागरी मराठी हा मोफत फॉन्ट घेतला. त्यात ल आणि श आपल्या वळणाचे आहेत, हिंदी धाटणीचे नाहीत. 'ज्येष्ठ', 'कृपाभिलाषी', 'दुसऱ्या' सगळं नीट बसलं. जोडाक्षर हीच खरी परीक्षा. याआधी एक परदेशी सॉफ्टवेअर आजमावलं होतं, त्यात 'श्री'चे दोन तुकडे होत. पत्रिकेचं पहिलंच अक्षर!

छापताना मात्र ठेच लागली. इंकस्केप पडद्याच्या लाल-हिरव्या-निळ्या रंगांत काम करतं. ती फाईल छपाईच्या चार रंगांच्या प्लेटला गेली की काळा मजकूर चारही प्लेटांवर विभागतो, आणि मशीनवर रजिस्टर, म्हणजे प्लेटांची एकमेकींवरची जुळणी, केसभर हललं तरी बारीक अक्षराला गुलाबी-निळी कडा दिसते. माझ्या पहिल्या नमुन्यात वधूच्या मामांच्या नावाला तशी कडा आली. आता चित्र, वेलबुट्टी इंकस्केपमध्ये करतो आणि मजकूर स्क्रायबस या पानं मांडायच्या मोफत सॉफ्टवेअरमध्ये लावतो. तिथं अक्षराला नुसता काळा देता येतो आणि छपाईला लागते तशी चार रंगांची पीडीएफ निघते. स्क्रायबसची १.६ आवृत्ती २०२४ च्या जानेवारीत आली, देवनागरी ती व्यवस्थित जोडते. दिसायला रुक्ष आहे, हात बसायला मला तीनेक आठवडे लागले. फोटोसाठी गिंप पुरतं. दुसऱ्याकडून आलेली फोटोशॉपची फाईल नुसती बघायची असेल तर फोटोपी ही वेबसाइट ती ब्राउझरमध्येच उघडते.

ॲफिनिटी या डिझाइनच्या सॉफ्टवेअरचं नावही आता बरेच जण घेतात. २०२४ मध्ये ते कॅनव्हा कंपनीनं विकत घेतलं आणि २०२५ च्या ऑक्टोबरअखेर फुकट केलं, फक्त खातं काढावं लागतं. वापरावं, पण जोडाक्षरं आधी तपासून. आणि फुकट देणारा मालक उद्या काय ठरवेल ते त्याचं त्याला ठाऊक.

कलानगरीत असा विषय निघाला की चित्रपटकार बाबुराव पेंटरांनी स्वतः घडवलेल्या कॅमेऱ्याची आठवण काढली जाते. मी काढत नाही. मला काही घडवायचं नाही, घडवून ठेवलेलं वापरायचं आहे, आणि अडचण सॉफ्टवेअरपेक्षा गावात जास्त आहे. फ्लेक्सवाल्याकडं जा, ऑफसेटवाल्याकडं जा, एकच वाक्य : "कर्व्ह करून कोरलची ओपन फाईल पाठवा." म्हणजे अक्षरांच्या आकृत्या करून कोरलड्रॉ सॉफ्टवेअरची बदलता येणारी फाईल. पीडीएफ म्हटलं की तोंड वाकडं. खरं तर चांगली पीडीएफ त्यांच्याही सोयीची, फॉन्ट उडत नाहीत. मला दोघांनी नकार दिला. तिसऱ्यानं सांगितलं, प्लेट बिघडली तर खर्च तुझा. मी हो म्हणालो, आता तीन महिने काम त्याच्याकडंच जातं. मुद्रकांनी पीडीएफ घ्यायचं ठरवलं आणि डिझाइनच्या क्लासवाल्यांनी पोरांना निदान एक मोफत सॉफ्टवेअर शिकवलं, तर निम्मा प्रश्न सुटेल. पोरगं क्लासमधून बाहेर पडतं ते भाडेकरू होऊनच.

ज्यांची वर्गणी अजून चालू आहे त्यांनी ती संपण्याआधी प्रत्येक फाईल पीडीएफ आणि इंकस्केपला चालणाऱ्या एसव्हीजीमध्येही ठेवावी. इलस्ट्रेटरची फाईल जतन करताना 'क्रिएट पीडीएफ कम्पॅटिबल फाईल' या पर्यायावरची खूण काढू नये, ती नसेल तर इंकस्केपला ती फाईल वाचता येत नाही. ॲडोबीच्याच इनडिझाइनमध्ये पानं लावलेली असतील तर त्यांची आयडीएमएल प्रकारची फाईल काढून ठेवावी, स्क्रायबस ती घेतं. मी हे वेळेवर केलं नाही. शेवटी दिवाळीआधी एका महिन्याचे पैसे भरले, नुसत्या जुन्या फायली बाहेर काढायला. चार रात्री गेल्या. कागलच्या पत्रिकेची मूळ फाईलही त्यांत निघाली. उघडून पाहिली. थोरले चुलते अजून खालीच आहेत.

आपला,
एक डीटीपी व्यावसायिक
लक्ष्मीपुरी, कोल्हापूर